मध न देणाऱ्या माशांची नोकरी

"मग मध किती निघतो?"

रानातल्या मधमाशांवर काम करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न हाच येतो. लग्नाच्या पंगतीत येतो, एसटीत येतो, बँकेत केवायसीचा फॉर्म भरतानाही येतो. पूर्वी मी नीट समजावून सांगत बसायचे. आता सरळ सांगते, "थेंबभरही नाही." त्यावर "मग कशाला?" असं तोंडावर न विचारण्याइतके लोक सभ्य असतात. माझ्या सासऱ्यांना ती भीड नाही. त्यांनी साखरपुड्यातच विचारलं होतं, "आणि हे सरकारी आहे का?"

सरकारी नाही. प्रकल्पावरचं काम आहे. प्रकल्प मंजूर होतो, माणसं घेतली जातात, प्रकल्प संपतो, माणसं पुन्हा अर्ज लिहायला बसतात. माशांना यातलं काही माहीत नसल्यामुळे त्या आपल्या वेळेवर येतात. त्यामुळे ऐन हंगामात अर्जाची शेवटची तारीख आणि कांद्याचा फुलोरा एकाच आठवड्यात, हे माझ्या आयुष्यात ठरलेलं आहे.

आधी माशांचं सांगते. महाराष्ट्रात मध म्हटलं की चार-पाच माशा डोळ्यांपुढे येतात. कड्यावर आणि उंच झाडांवर लोंबणारं आग्या मोहोळ, पोकळीत राहणारी सातेरी, झुडपात एकच छोटं पोळं करणारी फुलोरी, नांगी नसलेली बारीक पोयाची माशी, आणि पेट्यांमधून आलेली इटालियन. जगात मधमाशांच्या नोंदलेल्या जाती 20,000 च्या वर आहेत आणि भारतात 700 च्या वर. म्हणजे वरची चार-पाच नावं घेऊन झाल्यावर जे उरतं ते जवळजवळ सगळंच उरतं. मी त्या उरलेल्यांवर काम करते.

या बहुतेक माशा एकट्या राहतात. राणी नाही, कामकरी नाहीत, पोळं नाही. मादी जमिनीत बीळ खणते, नाहीतर वाळलेल्या काटकीत, लाकडात, मातीच्या भिंतीत जागा शोधते. आत एकेक खोली करते. प्रत्येक खोलीत परागांचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते, खोली बंद करते आणि पुढची करायला घेते. पिल्लू बाहेर येईपर्यंत आई बहुधा मेलेली असते. साठवून ठेवायला कुटुंबच नाही, म्हणून मध नाही. एवढं साधं कारण आहे.

पण परागीकरणात यांचा हात फार मोठा. मेगाकायली नावाची माशी पराग पोटाखालच्या केसांत कोरडेच भरते. तुरीच्या शेतात पिवळ्याधमक पोटाची माशी दिसली तर ती हीच. साधी मधमाशी पराग मधाने ओले करून पायावर घट्ट गोळी बांधते, त्यातलं फारसं सांडत नाही. हिचं मात्र प्रत्येक फुलावर थोडं थोडं सांडत जातं, आणि ते सांडणंच झाडाच्या कामाचं. तुरीचे पराग चिकट, वाऱ्याने उडत नाहीत. तुरीच्या पैदासकारांना वाण शुद्ध ठेवायला झाडांवर जाळी टाकावी लागते, ती याच मंडळींच्या भीतीने.

वांग्याचं तर आणखी गमतीचं. वांग्याच्या फुलात पराग उघड्यावर नसतात. परागकोश म्हणजे बंद नळ्या, टोकाला बारीक भोक. माशीने फुलाला लोंबकळून, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवले तर पराग भोकातून फवाऱ्यासारखे बाहेर पडतात. सातेरीला हे जमत नाही, इटालियनलाही नाही. निळ्या पट्ट्यांच्या अमेगिलाला आणि मोठ्या काळ्या भुंग्याला, म्हणजे झायलोकोपाला, जमतं. शेतकऱ्यांसमोर मी व्याख्यान देत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला नादकाटा नेते, आपटून त्याचं टोक वांग्याच्या फुलाला लावते आणि खाली कुणाचा तरी तळहात धरते. हातावर पिवळी पूड पडली की पुढचा अर्धा तास माझं ऐकून घेतलं जातं. वांगं स्वतःच्याच परागांवर धरू शकतं हे खरं, पण ते पराग सुटायला कुणीतरी फूल हलवावं लागतं. वाराही थोडं करतो. भुंगा चांगलं करतो.

माझं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतं, जालन्याकडे. आमचं मूळ गाव तिकडचंच. त्या पट्ट्यात कांद्याचं बीजोत्पादन मोठं. दिवाळीच्या आगेमागे गोट, म्हणजे बियाण्यासाठी ठेवलेले कांदे, लावायचे, फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढरे गोंडे फुलतात. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकून जातात आणि त्याच फुलाचं स्त्रीकेसर नंतर तयार होतं, म्हणजे एका फुलाचं दुसऱ्याकडे कुणीतरी न्यायलाच हवं. माशी आली नाही तर गोंडा दिसायला भरघोस आणि आत बी नाही. शेतकऱ्याला हे माझ्याइतकंच कळतं. गुळाचं पाणी शिंपडतात, पेट्या भाड्याने आणतात. आणि त्याच वेळी फुलकिडे येतात. "फवारलं नाही तर थ्रिप्स खातोय, फवारलं तर माशी जातीय, तुम्हीच सांगा ताई," असं म्हणणाऱ्या माणसाला मी काय सांगणार? संध्याकाळी फवारा, माशा घरी गेल्यावर, एवढं सांगते. ते पटतं, पण संध्याकाळी वीज असेल आणि मजूर मिळेल तर.

तिथलं माझं काम दिसायला अगदी फालतू आहे. ठरलेल्या अंतराची एक रेघ धरून गोंड्यांमधून सावकाश चालायचं आणि कोणती माशी किती ते लिहायचं. ऊन चढलं की पुन्हा तेच, दुपारी पुन्हा. शिवाय वाट्या ठेवायच्या. पिवळ्या, निळ्या आणि पांढऱ्या चमकदार रंगाच्या प्लॅस्टिकच्या वाट्या, त्यात साबणाचं पाणी. माशांना ती फुलं वाटतात, त्या उतरतात आणि साबणामुळे पाण्याचा ताण मोडलेला असल्याने बुडतात. आता तुम्ही कल्पना करा, पहाटे कुणीतरी तुमच्या बांधावर तीन रंगांच्या वाट्या ओळीने मांडून ठेवल्यात. एका गावात बातमी पसरली की कुणीतरी उतारा टाकलाय. दुपारपर्यंत कुणी त्या बांधाकडे फिरकलं नाही, बाया लांबून वळसा घालून गेल्या. त्या दिवसाचे नमुने फार छान मिळाले, कारण एरवी शेळ्या पाणी पिऊन जातात किंवा पोरं वाट्या पळवतात. तरी तेव्हापासून आदल्या संध्याकाळी पारावर जाऊन सांगून येते.

"म्हणजे तुम्ही माशा मारता?" हा शहरातला प्रश्न. गावात कुणी विचारत नाही. हो, मारते. बहुतेक रानमाशा उडताना पाहून जातीपर्यंत ओळखता येत नाहीत. पंखावरच्या शिरांनी तयार झालेले कप्पे मोजावे लागतात. मेगाकायलीच्या पंखात एका ठरावीक ठिकाणी दोन कप्पे असतात, इतर अनेकींत तीन. हॅलिक्टिडी कुळातल्या माशांची एक शीर कमानीसारखी वाकलेली असते. नरांच्या बाबतीत तर पोटाचं टोक उघडून बघावं लागतं. ओळखच नसेल तर कमी झाली की वाढली हे तरी कशावरून सांगणार? ज्यांना याचं फार वाईट वाटतं त्यांनी रोटाव्हेटरची एक फेरी बांधाच्या कडेने जाताना पाहावी. मी वर्षभरात पकडते त्याहून जास्त पिल्लं त्या एका फेरीत मातीत मिसळत असतील, असं मला पक्कं वाटतं.

एप्रिलमध्ये, जमलं तर, भीमाशंकर. हे काम माझं नाही, हौस आहे, पण हौसेला कामाचं नाव देता आलं तर प्रवासखर्च सुटतो. या जंगलात वारस नावाचं झाड आहे. पांढरी मोठी फुलं, उमलतात रात्री. हेमा सोमनाथन आणि रेनी बोर्जेस या संशोधकांनी इथेच दाखवून दिलं की या फुलांचं परागीकरण रात्री एक मोठा भुंगा करतो, झायलोकोपा टेन्यूस्कॅपा. त्याहून नवलाची त्याची चुलत बहीण, झायलोकोपा ट्रँक्वेबॅरिका. ती अमावास्येच्या रात्रीही उडते. 2008 साली सोमनाथन, बोर्जेस आणि त्यांच्या स्वीडनमधल्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं की या माशीला नुसत्या चांदण्यांच्या उजेडात रंग ओळखता येतात. घरट्याजवळ लावलेल्या रंगीत खुणेवरून ती आपलं घर शोधते. त्या उजेडात आपल्याला हिरवं-निळं सगळं एकच राखाडी दिसतं. आणि तिचे डोळे दिवसा उडणाऱ्या माशांच्याच घडणीचे आहेत, पतंगासारखे खास रात्रीसाठी बनलेले नाहीत. जगभरातल्या माशांच्या अभ्यासकांना भीमाशंकर माहीत आहे ते यासाठी. आपल्याकडे विचाराल तर ज्योतिर्लिंग आणि शेकरू.

तिथे माझ्यासोबत येणारे मामा महादेव कोळी समाजातले. मी पुस्तकात वाचून गेले होते की हे भुंगे वाळलेल्या लाकडात बोगदा करतात. मामांनी मला त्यांच्या घराचा वासा दाखवला. "ह्यो बघा, माझ्या लग्नाच्या आधीपास्नं हाय." वाशाखाली भुसा पडला होता, तोंडाशी एक गोल भोक, करंगळी जाईल एवढं. मामी रोज भुसा झाडतात, वासा बदलायचं कुणाच्या मनात येत नाही. आता तिथे पत्रा आणि लोखंडी अँगलची घरं होताहेत. ती व्हावीतच, गळक्या घरात माझ्या माशांसाठी कुणी राहायचं? रात्री टॉर्चला लाल कागद लावून आम्ही वारसाखाली बसलो की मामा बिबट्याच्या गोष्टी सांगतात, मुद्दाम. मग वरून जाड घरघर येते आणि ते मध्येच थांबून म्हणतात, "आली तुमची."

पावसाळ्यात सगळं पुण्यात, टेबलाशी. साबणाच्या पाण्यातून काढलेली माशी म्हणजे भिजलेला केसाळ गोळा, तिच्यावरून काहीच ओळखता येत नाही. ती धुवायची, जाळी लावलेल्या बरणीत टाकायची आणि हेअर ड्रायरने वाळवायची. केस फुलून आले की पट्टे दिसायला लागतात. माझ्या आईने हे एकदा पाहिलं आणि महिनाभर नातेवाइकांना फोनवर सांगत होती की आमची मुलगी माशांचं पार्लर चालवते. वाळली की छातीत, मधोमध नाही, किंचित उजवीकडे टाचणी. मधोमध टोचली तर ओळखीच्या खुणाच नष्ट होतात, म्हणून एक बाजू शाबूत ठेवायची. अगदी बारीक माशांना टाचणी सोसत नाही, त्यांना कागदाच्या त्रिकोणी टोकावर गोंदाने चिकटवायचं. खाली चिठ्ठी: ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, कोणत्या फुलावर, कुणी पकडली. चिठ्ठी नसलेली माशी कचऱ्यात जाते, कितीही सुंदर असली तरी. मग जुलैत बुरशी येते, आणि बुरशीतून वाचलं ते खायला इवले भुंगेरे येतात. डांबराच्या गोळ्यांचा वास माझ्या साड्यांपेक्षा माझ्या पेट्यांना जास्त येतो.

ओळख पटवायची ती कशावरून? अजूनही हाताशी पहिलं असतं ते चार्ल्स बिंगहॅमचं 1897 सालचं पुस्तक. हा माणूस मूळचा लष्करातला, पुढे बर्मात वनाधिकारी. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या गांधीलमाशा आणि मधमाशा त्याने एका खंडात बसवल्या. त्यानंतर कितीतरी नावं बदलली, एका जातीच्या तीन झाल्या, तीनच्या एक झाल्या. ज्या मूळ नमुन्यावरून नाव पडलं तो बहुतेक वेळा लंडनच्या संग्रहालयात. मग फोटो मागवा, आकुर्डीला प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात जाऊन तिथल्या पेट्यांशी ताडून बघा, डीएनए पाठवा. एवढं करून बऱ्याच टाचण्यांखाली शेवटी मी लिहिते: "लॅसिओग्लॉसम, जात 4". म्हणजे वंश कळला, नेमकी जात नाही. हे लिहिताना पूर्वी कमीपणा वाटायचा. आता वाटत नाही. उगीच नाव ठोकून देण्यापेक्षा हे बरं.

एक गोष्ट मला खटकते ती लिहूनच टाकते. "मधमाशी वाचवा" म्हटलं की आपल्याकडे पेट्या वाटल्या जातात. 2022 मध्ये महाबळेश्वरजवळचं मांघर 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झालं, तिथे सातेरीवर पिढ्यान्‌पिढ्या काम करणारे लोक आहेत, मध विकला जातो, चार पैसे येतात. उत्तमच आहे. पण पेटी ठेवणं हे पशुपालन आहे. कोंबड्या पाळल्याने माळढोक वाढत नाहीत. पेटीतल्या माशीला मालक आहे, औषध आहे, अनुदान आहे. बांधातल्या माशीला बांध आहे, तेवढाच.

आणि बांध राहिला नाही. शेतांच्या वाटण्या होत गेल्या, पट्टे अरुंद झाले, तसा प्रत्येकाने आपल्या बाजूने बांध कोरत आणला. माझ्या लहानपणी आमच्या बांधावरून बैलगाडी जायची. आता त्यावर दोन पावलं शेजारी शेजारी ठेवता येत नाहीत. काळ्या रानात बीळ टिकत नाही. उन्हाळ्यात ते भेगाळतं आणि पावसात चिखल होतं. बांधाची माती दबलेली, उताराची, पाण्याचा निचरा करणारी. वीतभर खोलीवर पिल्लं सुरक्षित राहतात. वर तरवड, रुई, भुईरिंगणी, कुंभा, कुणीही न लावलेलं. तरवडाचं आणि भुईरिंगणीचं फूल वांग्यासारखंच थरथरवून झाडावं लागतं, म्हणजे वांग्याला लागणारा भुंगा वांगं नसलेल्या महिन्यांत जगतो तो यांच्यावर. तणनाशकाने बांध स्वच्छ केला की शेत टापटीप दिसतं आणि भुंगा उपाशी.

गावांमध्ये माशा कुठे सापडतील याचे माझे अंदाज आता बरेचसे बरोबर येतात. पहिली जागा गढी. मराठवाड्यात पडक्या गढ्या गावोगाव आहेत. त्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंतींत अमेगिलाच्या बिळांची अक्षरशः चाळण झालेली असते. सकाळी उन्हं भिंतीवर आली की माद्यांची ये-जा सुरू. आणि समोर, हातभर अंतरावर, निळे ठिपके मिरवत थायरियस घिरट्या घालत असते. ही परपुष्ट. स्वतः बीळ करत नाही, अमेगिला बाहेर गेली की आत शिरून आपलं अंडं घालते. तिचं पिल्लू दुसरीच्या मुलाची शिदोरी खातं. भिंतीसमोर सतरंजी टाकून दिवसभर बसलं तर हे सगळं राजकारण फुकट बघायला मिळतं. लोक घरावर टाकायला गढीची पांढरी नेतात, हल्ली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने नेतात. गढी लवकर संपेल.

दुसरी जागा मला पुस्तकात सापडली नव्हती. वादातली जमीन. जिथे भावाभावांचं भांडण आहे, दावा चालू आहे, तिथला पट्टा कुणी नांगरत नाही. एकाने नांगर घातला की दुसरा पोलिसात जातो, म्हणून दोघंही लांब. वर्षानुवर्षं पडीक, गवत, तरवड, ऊन. नवीन गावात गेले की मी आता पारावर बसून आधी माशांचं विचारत नाही. "इथं कुणाचा बांधावरून काही वाद?" असं विचारते. लोक दचकतात, मग हिरिरीने दाखवतात. शेजारच्या चांगल्या कसलेल्या शेतापेक्षा या पट्ट्यांत बिळं दाट असतात, हे मी चार-पाच तरी गावांत पाहिलं आहे. शोधनिबंधात याला "अबाधित अधिवास" म्हणावं लागतं.

मला माहीत असलेला यातला सर्वांत सुंदर पट्टा आमच्याच घरचा आहे. आजोबांच्या पश्चात आमच्यात आणि चुलत्यांत बांधावरून बिनसलं ते माझ्या शाळेच्या दिवसांपासून. दिवाळीला येणं-जाणं बंद, लग्नपत्रिका टपालाने. त्या पट्ट्यात नोमियाची वस्ती आहे. पोटावर हिरवट-पांढरे चमकदार पट्टे असलेली माशी, प्रत्येकीचं बीळ वेगळं पण सगळ्या शेजारी शेजारी, तोंडाशी मातीची बारीक भुकटी. कडेच्या गवतावर संध्याकाळी अमेगिलाचे नर झोपायला येतात. काडीला जबड्याने चावून धरतात आणि ओळीने लटकतात, पाय सोडून. मी त्यांना कित्येकदा मोजलंय. पलीकडून काका बघत असायचे. बोलायचे नाहीत, पण माझ्या वाट्यांना कधी कुणी हात लावला नाही.

या दिवाळीत समझोता झाला. दादाने फोन करून सांगितलं, आवाज भरून आला होता त्याचा. काका स्वतः घरी आले, आईने त्यांना ओवाळलं, जिलेबी आली. मी व्हिडिओ कॉलवर होते आणि मीही रडले. मग दादा म्हणाला, बांध मधोमध सरळ करून घ्यायचा ठरलंय, जेसीबी सांगितलाय. मी म्हटलं, दादा, थोडा ठेवता येईल का, हातभर? तो म्हणाला, तू काकांना विचार, मी आत्ता हा विषय काढणार नाही. मी काकांना विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "बेटा, मोजणी तर होऊ दे."

मोजणी मार्चमध्ये आहे. त्याआधी जाऊन मला बिळांचा नकाशा करून घ्यायचाय.